रविवारच्या प्रश्नमंजुषेविषयी

सभासदहो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. यावेळचा विषय : बॅरी जोन्स.

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या ‘पिक अ बॉक्स’ या प्रश्नमंजुषेने हा माणूस घराघरांत पोहोचला. पुढे १९७२ ते १९७७ व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेत आमदार, मग केंद्रात खासदार आणि १९८३ पासून विज्ञानमंत्री. पण गाजला तो सूत्रधार बॉब डायरशी हुज्जत घातल्यामुळे. प्रश्न आपल्याकडचाच होता : भारताचा पहिला ब्रिटिश गव्हर्नर जनरल कोण? अपेक्षित उत्तर वॉरन हेस्टिंग्ज. जोन्सने तिथल्या तिथे हरकत घेतली, की हेस्टिंग्ज तर फक्त बंगालचा गव्हर्नर जनरल! बरोबरच आहे; ‘भारताचा’ हे पद १८३३ च्या सनदी कायद्याने आले, आणि पहिला मानकरी बेंटिंक. (एमपीएससीवाल्यांनी उगाच हसू नये.)

म्हणून यावेळी उत्तरावर हरकत घेता येईल, पण जागेवरच आणि आधार सांगून. निकालानंतर रात्री अकराला ग्रुपवर आलेली हरकत धरली जाणार नाही.

वही-पेन आणावे. मोबाइल दाराशी टोपलीत.