हल्ला तोच, सत्ता बदलली की मत बदलते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात केलेल्या लष्करी कारवाईवर आपल्याकडे वाद रंगतो, तेव्हा कारवाई कोणी केली हे आधी विचारले जाते आणि नेमके काय केले हे नंतर. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, तेव्हाही हेच झाले. ट्रम्प आवडणाऱ्यांना कारवाई धाडसी वाटली, न आवडणाऱ्यांना बेकायदा. नागपूरला हा विषय दूरचा नाही. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. सैन्य कुठे आणि कशासाठी जाते याची झळ या शहरातल्या घरांना बसू शकते. म्हणून या दुटप्पीपणाची आकडेवारी वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

सर्वांत स्वच्छ उदाहरण सीरियाचे. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौता भागात रासायनिक अस्त्रांचा वापर झाला. ओबामांनी क्षेपणास्त्रहल्ल्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे ठेवला. त्या वेळी वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी यांच्या जनमत चाचणीत रिपब्लिकन पक्षाच्या फक्त २२ टक्के समर्थकांनी हल्ल्याला होकार दिला. एप्रिल २०१७ मध्ये ट्रम्प यांनी संसदेला न विचारता शायरात हवाई तळावर ५९ टोमाहॉक क्षेपणास्त्रे डागली. २०१३ मध्ये हेच ट्रम्प ओबामांना सीरियावर हल्ला करू नका असे बजावत होते. देश तोच, राजवट तीच, कारणही तेच. या वेळी त्याच पक्षाच्या ८६ टक्के समर्थकांनी पाठिंबा दिला. डेमोक्रॅटिक समर्थकांचा आकडा आधी ३८ होता, नंतर ३७. दोन प्रसंगांत फरक असतो, म्हणून मतही बदलते, असा बचाव नेहमी केला जातो. इथे तो टिकत नाही, कारण मोठा म्हणावा असा एकच फरक होता आणि तो व्हाइट हाउसमध्ये बसलेल्या माणसाचा.

यावरून डेमोक्रॅट तेवढे तत्त्वनिष्ठ असे कोणी समजू नये. कोसोवोच्या प्रश्नावर क्लिंटन यांनी मार्च १९९९ मध्ये नाटोमार्फत युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली. सुरक्षा परिषदेची मंजुरी नव्हती. २८ एप्रिलला प्रतिनिधी सभागृहात हवाई कारवाईला मान्यता देणारा ठराव २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत अडकून फेटाळला गेला. बाजूने १८१ डेमोक्रॅट, ३१ रिपब्लिकन आणि एक अपक्ष होते, विरोधात २६ डेमोक्रॅट आणि १८७ रिपब्लिकन. साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये, बुश यांचा इराकविषयक ठराव त्याच सभागृहात आला आणि २९६ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला. आता बाजूने २१५ रिपब्लिकन, विरोधात फक्त सहा. डेमोक्रॅटांपैकी ८१ बाजूने, १२६ विरोधात; एक अपक्षही विरोधात. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराला मर्यादा हवी म्हणणारा पक्ष २००२ मध्ये त्यांना मोकळीक देत होता, आणि हवाई हल्ल्यांना मानवतेचे कार्य म्हणणाऱ्या पक्षातल्या बहुसंख्यांना मर्यादा आठवल्या होत्या. इराकची मोहीम कितीतरी मोठी, जमिनीवरची होती, हे खरे. पण मतांची एवढी पक्षवार उलथापालथ केवळ मोहिमेच्या आकाराने होत नाही.

कायदा असूनही असे का होते, हे नीट समजून घ्यायला हवे. व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ मध्ये अमेरिकी संसदेने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकार कायदा केला. सैन्य लढाईत उतरवल्यावर राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत संसदेला लेखी कळवायचे. तेथून ६० दिवसांत संसदेची मंजुरी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचे, आणि माघारीसाठी आणखी जास्तीत जास्त ३० दिवस. कागदावर हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात ‘लढाई’ कशाला म्हणायचे याची व्याख्याच कायद्यात नाही, आणि गळती तिथूनच होते. लिबियावरचे हल्ले १९ मार्च २०११ रोजी सुरू झाले, २१ मार्चला संसदेला पत्र गेले, २० मेला ६० दिवस संपले. ओबामा सरकारने सांगितले की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, त्यांना धोका मर्यादित आहे, म्हणून ही कायद्याला अभिप्रेत असलेली लढाईच नाही. मोहीम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली. प्रत्यक्ष किंवा नजीकचा धोका नसताना राष्ट्राध्यक्षाला एकट्याने हल्ल्याचा आदेश देण्याचा अधिकार नाही, असे उत्तर याच ओबामांनी २००७ मध्ये उमेदवार असताना दिले होते. कोसोवोची बॉम्बफेकही ७८ दिवस चालली. तेव्हा पळवाट वेगळी होती. संसदेने खर्चाला पैसे दिले, म्हणजे परवानगी दिलीच, असा तो युक्तिवाद होता.

येमेनचे प्रकरण याहून लाजिरवाणे वाटते. तिथल्या युद्धात उतरलेल्या सौदी आघाडीला अमेरिकेची मदत मार्च २०१५ मध्ये ओबामांच्या काळात सुरू झाली. ती थांबवण्याच्या ठरावाला खरा जोर आला तो ट्रम्प सत्तेवर आल्यावर. २०१९ मध्ये ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो नकाराधिकाराने रोखला. पुढे बायडेन आले. डिसेंबर २०२२ मध्ये तशाच ठरावाला व्हाइट हाउसने विरोध केल्यावर तो मतदानाआधीच मागे घेण्यात आला.

अशा मतदानाची बातमी वाचताना एकूण आकड्यापेक्षा पक्षाची रेघ ओलांडणारी मते मोजावीत. लिबियातून सैन्य मागे घ्या, असे सांगणारा ठराव जून २०११ मध्ये १४८ विरुद्ध २६५ असा पडला. पण बाजूच्या १४८ मध्ये स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध गेलेले ६१ डेमोक्रॅट होते. ब्रिटनमध्ये रॉबिन कुक यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून कोसोवोच्या कारवाईचे समर्थन केले आणि इराकच्या प्रश्नावर मार्च २००३ मध्ये स्वपक्षाच्याच मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. दोन प्रसंगी दोन भूमिका घेणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. कारणे सांगता आली पाहिजेत, आणि त्या कारणांची किंमत स्वतःच्या पक्षात मोजायची तयारी हवी.

आता घरचे. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा नेहरूंनी तत्काळ आणि कठोर शब्दांत निषेध केला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा तो आवाज आला नाही. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हंगेरीत खुल्या निवडणुका घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने सोव्हिएत गटाबरोबर मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी त्याबद्दल नेहरूंना जाहीरपणे सुनावले. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तेच घडले. सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला, आणि त्यावरून अशोक मेहता यांनी इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. परक्या देशातल्या रणगाड्यांवरून मंत्रिपद सोडणारे किती असतात? जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातून परकीय सैन्य मागे घ्या, असे सांगणारा आमसभेचा ठराव १०४ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला, त्या वेळीही भारत तटस्थांत होता.

काँग्रेसची ही सोव्हिएत संघाबाबतची नरमाई अमेरिकेबाबत नव्हती. १९९१ च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना भारतात इंधन भरू दिले, तेव्हा बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने जोरदार हरकत घेतली आणि फेब्रुवारीत ती सोय बंद झाली. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराक युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला. त्याच जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवण्यास नकार दिला. तो निर्णय योग्य होता, आणि विरोधकांनी टाकलेल्या दबावाचाही त्यात वाटा होता. डाव्या पक्षांनी वॉशिंग्टनविरुद्ध जितके मोर्चे काढले, तितके मॉस्कोविरुद्ध कधी काढले नाहीत. दुसरी बाजूही पाहा. १९६८ मध्ये जनसंघ सरकारच्या मौनावर तुटून पडला होता. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी निषेध केला, तेव्हा जनसंघाच्या वारसांचे सरकार ३५ तटस्थ देशांत होते. रशियन शस्त्रे, सुटे भाग, युक्रेनमध्ये अडकलेले आपले विद्यार्थी अशी व्यावहारिक कारणे त्यामागे होती आणि ती क्षुल्लक नाहीत. माझी हरकत तटस्थतेला नाही. तीच तटस्थता नेहरू-इंदिरांची असली की लाचारी आणि आपल्या नेत्याची असली की मुत्सद्देगिरी, या हिशेबाला आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याला परराष्ट्र धोरण म्हणत नाहीत.

भारताने स्वतः सैन्य पाठवले तेव्हाचा इतिहास तर अधिक काळजीपूर्वक वाचायला हवा. ४ जून १९८७ रोजी पाच ए.एन.-३२ विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफनावर मदतसामग्री टाकली, श्रीलंकेची हवाई हद्द ओलांडून. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि शांतिसेना गेली. काम होते तमिळ गटांकडून शस्त्रे जमा करून घेण्यावर देखरेख. ऑक्टोबरमध्ये तेच काम बळाने शस्त्रे काढून घेण्याचे झाले. शांतता राखायला गेलेल्या तुकड्यांना जाफनाच्या गल्ल्यांत लढावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. पुढे चार डिव्हिजन तिथे गुंतल्या आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत अकराशेहून अधिक जवान गमावले. ते मद्रासला उतरले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ज्यांनी पाठवले त्यांच्यावरचा राग, जे पाठवले गेले त्यांच्यावर निघाला. पक्षीय चष्म्याची याहून क्रूर किंमत मला माहीत नाही.

या मोहिमेसाठी संसदेचे मतदान झाले नव्हते, आणि घटनेनुसार ते आवश्यकही नव्हते. ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय केंद्र सूचीत पंधराव्या क्रमांकावर आहे. कलम ७३ नुसार केंद्राचा कार्यकारी अधिकार त्या विषयापर्यंत पोहोचतो, आणि कलम ५३ संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे देते. व्यवहारात निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतो. अमेरिकेचा कायदा गळका असला तरी निदान आहे. आपल्याकडे सरकारला अडवणारी गोष्ट एकच, विरोधी पक्ष आणि जनमत. तेच जर सत्तेवर कोण आहे हे पाहून बदलत असेल, तर काहीच उरत नाही.

जर्मनीने यावर घटनात्मक न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानंतर मार्ग काढला आणि २००५ मध्ये संसदीय सहभागाचा कायदा केला. सशस्त्र तुकडी परदेशी पाठवायची तर सरकारला संसदेपुढे अर्ज ठेवावा लागतो. कामगिरी कोणती, क्षेत्र कोणते, कायदेशीर आधार काय, जास्तीत जास्त सैनिक किती, मुदत किती, खर्च किती, हे सारे त्यात लिहावे लागते. संसद तो मंजूर करते किंवा फेटाळते, दुरुस्ती करू शकत नाही. दिलेली मंजुरी ती काढूनही घेऊ शकते. तिथे पक्षीय दबाव नसतो असे नाही. अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याच्या प्रश्नाला तेव्हाचे चान्सलर श्रोडर यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये विश्वासदर्शक ठराव जोडला आणि ३३६ मतांनी ते जेमतेम तरले; ३३४ आवश्यक होती. पण सैनिकांची कमाल संख्या आणि मुदत अगोदर कागदावर असल्याने काम गुपचूप वाढवता येत नाही. आपल्याकडे असा कायदा असता, तर शांतिसेनेच्या वेळी देखरेखीचे युद्ध झाले तेव्हा नवा अर्ज संसदेपुढे आणावा लागला असता आणि प्रत्येक पक्षाचे मत तारखेसह नोंदले गेले असते.

तातडीच्या प्रसंगाची अडचण खरी आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये बंड झाले आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर हुलहुले विमानतळावर उतरले. मतदानाची वाट पाहिली असती तर ती कारवाई फसली असती. जर्मन कायद्यात अशा प्रसंगी आधी कारवाई आणि मग लगेच मंजुरी, अशी तरतूद आहे. आपल्याकडे सात दिवसांची मुदत ठेवता येईल. अधिवेशन सुरू नसेल तर ते बोलवावे.

लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाचे असतात, आणि विधेयकासाठी एक महिन्याची सूचना लागते. विदर्भातल्या कोणत्याही पक्षाच्या खासदाराने, सत्ताधारी असो वा विरोधी, असे विधेयक मांडावे. खासगी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण चर्चा झाली तर कोण काय बोलले याची नोंद राहील.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे कुठेही अशी कारवाई झाली की बातमीशेजारी एक चौकट द्यावी. आदेश कोणी व कोणत्या कायद्याने दिला, सुरक्षा परिषदेत कोणी कसे मत दिले, त्या देशाच्या संसदेत मतदान झाले का, मुदत असेल तर ती कधी संपते, आणि आपले पक्ष याआधीच्या तशाच प्रसंगी काय म्हणाले होते. शेवटची ओळ जुने अंक चाळल्याशिवाय मिळणार नाही. जागा कमी पडली तर बाकीच्या ओळी गाळा, ती ठेवा.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर