१९३० क्रमांकावरील अनाम भगिनींचे जाहीर आभार

सीबीआयचे अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी माझ्या सेवानिवृत्त वडिलांना व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटके’ची, म्हणजे कॉलवरूनच नजरकैदेत ठेवण्याची, धमकी दिली, मुदतठेव मोडायला लावली आणि ती रक्कम परक्या खात्यात वळती करून घेतली. आपल्या कायद्यात अशी अटक नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले होते. परंतु खोटा गणवेश आणि खोटे वॉरंट डोळ्यांसमोर असताना घरात एकट्या असलेल्या वृद्धाला ते कसे आठवावे?

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर ज्या भगिनींनी आमचा फोन घेतला, त्यांचे नाव आम्हाला ठाऊक नाही. हुंदक्यांमुळे वडिलांचे आकडे चुकत होते, तेव्हा त्यांनी व्यवहार क्रमांक एकेक अंक करून पुन्हा वाचून घेतला आणि “काका, सावकाश सांगा, मी फोनवरच आहे,” असा धीर दिला. २०२१ पासून सुरू असलेल्या या यंत्रणेत तक्रार नोंदताच ती संबंधित बँकेकडे जाते आणि पैसे पुढे सरकले असल्यास त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेकडेही पोहोचते. म्हणूनच पहिले काही तास लाखमोलाचे असतात. आमची तक्रार वेळेत नोंदली गेल्यामुळेच बरीचशी रक्कम गोठवली गेली.

सायबर पोलीस ठाण्यातील हवालदारांचेही आम्ही ऋणी आहोत. जबाब नोंदवताना त्यांनी वडिलांना एका शब्दानेही दोष दिला नाही.