जर्मन शिकताना बेदाण्याबद्दलही बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून सांगली-मिरजेत जर्मन क्लासच्या पाट्या वाढल्या आहेत. तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडच्या नर्सिंग झालेल्या मुली तिथे येतात. कितीतरी जणींची फी घरच्यांनी कर्ज काढून भरलेली असते. मी मिरजेत जर्मन शिकवते. या मुलींच्या पदरात काय पडतं ते रोज दिसतं, म्हणून हे पत्र.

बऱ्याच ठिकाणी व्याकरणाचे तक्ते आणि जुन्या प्रश्नपत्रिका यापलीकडे काही होत नाही. भिंतीवर स्मार्ट बोर्ड असतो, त्यावर पुस्तकाची पीडीएफ उघडलेली असते. तयार उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, ती पाठ करायची. आता जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी१, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेतच पाहा. तोंडी परीक्षेत उमेदवाराला एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं असतं, आणि त्यात स्वतःचा अनुभव व आपल्या देशातली परिस्थिती सांगावीच लागते. दुसऱ्या क्लासमधून माझ्याकडे आलेली तासगाव भागातली एक मुलगी खाण्याच्या सवयींवर घडाघडा बोलून गेली : भारतात लोक करी आणि भात खातात. मी विचारलं, तुमच्या घरी काय करतात? ती गप्प झाली.

तिच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड आहे. मी तिला सांगितलं, मोबाइलवर शेडचा व्हिडिओ काढ आणि त्यावर जर्मनमध्ये बोल. द्राक्षं द्रावणात बुडवली जातात, रॅकच्या जाळीवर पसरली जातात, सावलीत वाळवली जातात, निवडली जातात, प्रतवारी करून सौद्याला नेली जातात. सगळी वाक्यं कर्मणी प्रयोगातली, आणि बी१ची मुलं घाबरतात ती नेमकी त्यालाच! तक्त्यावरून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते तिने शेडमध्ये उभं राहून, आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून बसवलं. वर्गाने व्हिडिओ पाहिला आणि प्रश्नांची सरबत्ती झाली, तीही जर्मनमध्ये. तिथून आम्ही नाताळच्या श्टोलनवर गेलो, कारण त्या पावात बेदाणे लागतातच. त्या तासाला कुणाला घड्याळाकडे बघायची आठवण झाली नाही.

संस्कृती म्हणजे नुसते सणवारही नव्हेत. मिरज दवाखान्यांचं गाव. इथे पेशंटला अंग पुसून देणं, घास भरवणं हे बहुतेक वेळा उशाशी बसलेले नातेवाईक करतात. जर्मनीत ते नर्सचं रोजचं काम आहे. आपल्या मुलीला हे तिथल्या वॉर्डात पहिल्या दिवशी कळावं, हा तिच्यावर अन्याय आहे. आणि भाषेचं म्हणाल, तर नोकरीसाठी साधारण बी२, म्हणजे बी१च्या पुढची पातळी मागतात. पण बाडेन-वुर्टेम्बर्गची राजधानी श्टुटगार्ट, तिच्या बाजूची म्हातारी माणसं श्वेबिश या तिथल्या बोलीत बोलतात. पुस्तकावरून मराठी शिकलेला माणूस जतच्या बाजारात उभा केला तर त्याची जी गत होईल, तीच या मुलींची होते. त्या भागातलं एस.डब्ल्यू.आर. रेडिओ केंद्र इंटरनेटवर फुकट ऐकता येतं, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात. हे वर्गात दहा मिनिटं लावायला खर्च काहीच नाही. भाषांतराच्या अ‍ॅपकडून पत्रं लिहून घेणाऱ्या मुलांच्या हातातला फोन मी काढून घेत नाही, त्याच फोनवर त्यांना स्वतःचे उच्चार ऐकायला लावते.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणून सांगा, आणि त्या तासात मुलं स्वतःच्या मनातलं किती बोलतात तेवढं पाहा. आपल्याकडच्या काही महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा आहेत, हेडफोन आणि संगणकांसह. त्या संध्याकाळी बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघडून द्याव्यात. इथून जर्मनीत गेलेल्या नर्सनीही महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर या मुलींशी बोलावं. कुठलंही महाविद्यालय पुढे आलं, तर शनिवारी संध्याकाळी विनामूल्य शिकवायला मी येईन.

आपली,
एक जर्मन शिक्षिका, मिरज