काउंटीचं कौतुक पुरे, एकदा मीटिंगला येऊन बघा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या 'जागरूक काउंटी'वरचा (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं) लेख वाचला. म्हणजे खरं तर बाबांनी पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली "बघ, लोकशाही याला म्हणतात" असं लिहून, आणि नेमकं आमच्याच मिडलसेक्स काउंटीचं नाव दिसल्यावर मी हातातलं काम टाकून शेवटपर्यंत वाचला. लेखकमहाशय न्यू जर्सीत मुलीकडे आले होते, उन्हाळा होता, लायब्ररी छान होती, पार्कमध्ये फुकट कॉन्सर्ट होती, सगळं मान्य आहे हो. पण तेवढ्यावरून "इथला प्रत्येक माणूस गावच्या कारभारावर लक्ष ठेवून असतो आणि त्याचा स्थानिक पेपर त्याला रोज खबर देतो" हे कुठून काढलं, ते समजलं नाही.

आधी किरकोळ. काउंटी चालवणाऱ्यांना लेखात 'फ्रीहोल्डर' म्हटलंय, ते नाव १ जानेवारी २०२१ पासून गेलं, आता कमिशनर म्हणतात. फोटो वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा छापलाय, काउंटीचा आणि त्याचा काय संबंध ते तुमच्या डेस्कलाच ठाऊक. आणि गावात काय बांधायचं ते काउंटी ठरवते हे तर साफ चूक आहे. आमच्या काउंटीत २५ गावं-शहरं आहेत, प्रत्येकाची आपापली कौन्सिल, आपापलं प्लॅनिंग बोर्ड. काउंटीकडे तिचे रस्ते, शेरीफ, तुरुंग, पार्क, कॉलेज, मतपत्रिका वगैरे. शेतावर गोदाम उठवायचं की नाही ते टाउनशिपचं, म्हणजे त्या गावाचं, बोर्ड बघतं, काउंटीचा संबंध आला तर तिच्या रस्त्यापुरता आणि पाण्याच्या निचऱ्यापुरता.

आता गोदामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पत्र खरं त्यासाठीच लिहितोय.

न्यू जर्सी टर्नपाइक या टोल महामार्गाच्या एक्झिट ८ए च्या आसपास गेल्या काही वर्षांत किती गोदामं झालीत ते इकडे राहणाऱ्या कोणालाही विचारा. कधी काळी मका आणि बटाटे होते तिथे आता लांबच लांब पांढऱ्या भिंती आणि ट्रेलरच्या रांगा. आमच्या घरामागेही एक मोकळं रान होतं, हरणं यायची. तिथे गोदाम येणार हे आम्हाला कधी कळलं, तर झाडांना गुलाबी रिबिनी बांधल्या तेव्हा. मी टाउनशिपच्या ऑफिसात फोन केला तर बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, नोटीस दिली होती ना. कोणाला? तर राज्याचा कायदा असा आहे की अर्जदाराने बोर्डापुढच्या सुनावणीच्या निदान १० दिवस आधी त्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या घरमालकांना नोटीस द्यायची आणि, तेव्हाच्या नियमाने, एक पेपरात छापायची. आमचं घर २०० फुटांच्या जरासं बाहेर. म्हणजे ट्रकच्या रिव्हर्सचा टूँ-टूँ आम्हाला रात्री दोनला ऐकू येणार, पण कायद्याच्या दृष्टीने आम्ही लांबचे.

पेपरातली नोटीस मी नंतर शोधून काढली. ब्लॉक अमुक, लॉट तमुक, अमुक कलमाखाली व्हेरियन्स, तमुक कलमाखाली सवलत. बारीक अक्षरात. 'तुमच्या घरामागे ट्रकचा अड्डा होणार' असं त्यात कुठेही नव्हतं, आणि असतं तरी वाचलं कोणी असतं? आमच्या गल्लीत तो पेपर एका घरात येतो, तेही आजोबा आहेत म्हणून.

तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून सुनावणीला गेलो. लेखकमहाशयांना वाटतं तसं जनता उभी राहून बोलते आणि सभागृह कान देऊन ऐकतं, असं काही नसतं. आधी अर्जदाराचा वकील, मग त्यांचा इंजिनिअर, मग ट्रॅफिकवाला तज्ज्ञ, तो रंगीत नकाशा लावून सांगतो की या चौकात फरक जाणवणार नाही. (रोज सकाळी त्याच चौकात दोन सिग्नल थांबतो मी!) मग लोकांची पाळी, पण अध्यक्ष आधीच बजावतात, आत्ता साक्षीदाराला फक्त प्रश्न विचारायचे, मत द्यायचं असेल तर शेवटी. आमचे एक शेजारी काका रागाने बोलायला लागले तर "सर, यात प्रश्न काय आहे?" काका गप्प बसले. शेवटी म्हणजे साडेदहाच्या पुढे. तोवर ज्यांना लहान मुलं होती ते घरी गेलेले. माझी पाळी आली तेव्हा उजवा हात वर करून शपथ, नाव, पत्ता, आणि टंकलेखन करणाऱ्या बाईंना आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात अर्धा जोर गेला.

आणि मग अकराच्या सुमाराला अध्यक्षांनी माइकमध्ये वाचलं की ही सुनावणी पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेला चालू राहील, पुन्हा नोटीस दिली जाणार नाही. संपादक महाशय, हे वाक्य नीट वाचा. पुन्हा नोटीस नाही. जो त्या क्षणी खोलीत बसलाय त्यालाच तारीख कळली, बाकीच्यांनी वेबसाइटवर अजेंडा हुडकत बसायचं. पुढच्या वेळी आम्ही मोजकेच होतो आणि मंजुरी झाली. आता निर्णयाविरुद्ध कोर्टात जायला ४५ दिवस मिळतात, आणि ते मोजायचे कधीपासून, तर तेव्हाच्या नियमाने निर्णयाची नोटीस पेपरात छापून येईल तेव्हापासून! पुन्हा पेपरच. मला हसावं की रडावं कळेना.

त्या सभागृहात पहिल्या रांगेच्या बाजूला एक छोटं टेबल आहे. तिथे एक रिटायर्ड शिक्षिका बाई दर मीटिंगला येतात, वही घेऊन, त्यांनी सांगितलं की हे पूर्वी वार्ताहराचं टेबल होतं, आणि सुनावणी पुढे ढकलली की दुसऱ्या दिवशी पेपरात निदान दोन ओळी तरी यायच्या. आता त्या टेबलावर लोक कोट ठेवतात. बाई स्वतःच्या नोंदी फेसबुक ग्रुपवर टाकतात, तिथे खाली शंभर जण भांडतात, त्यातले निम्मे कधी मीटिंगला आलेले नसतात, आणि एक जण हमखास प्लंबरचा नंबर विचारतो.

तेव्हा 'रोज खबर देणारा स्थानिक पेपर' हे तुमच्या लेखकांनी लिहिलं ते कुठल्या सालातलं? स्टार-लेजरसारख्या राज्यातल्या मोठ्या पेपरची छपाई फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता फक्त ऑनलाइन. दीडशे वर्षांहून जुना जर्सी जर्नल त्याच सुमाराला कायमचा बंद. देशभरात २००५ नंतर तीन हजारांहून जास्त पेपर बुडालेत, दोनशेहून अधिक काउंट्यांत स्थानिक बातमी देणारं एकही माध्यम उरलेलं नाही. न्यू जर्सीने २०२५ मध्ये कायदाच बदलला, २०२६ पासून जाहीर नोटिसा टाउनशिपच्या वेबसाइटवर टाकायच्या. पैसे वाचतील, ठीक आहे. पण रोज सकाळी चहा घेताना टाउनशिपची वेबसाइट उघडणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आपल्या लोकांबद्दलही लेखात फार गोड लिहिलंय, "मराठी मंडळी तिथल्या समाजजीवनात समरस झाली आहेत". गणपतीला झालीत, हो. बाकी आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मुंबईत महापौर कोणाचा यावर रात्री दीडपर्यंत मेसेज पडतात, पण आपल्या टाउनशिपचा महापौर कोण विचारलं तर शांतता. कारण देतात की आपल्याला कुठे मत आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. अहो, मलाही नाही मत! पण प्रॉपर्टी टॅक्स भरतो ना, न्यू जर्सीत तो सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास जातो, देशात सगळ्यात जास्त. आणि माइकपाशी उभं राहिलं की नाव आणि पत्ता विचारतात, व्हिसा कोणी विचारत नाही. मी ग्रुपवर सुनावणीची तारीख टाकली तेव्हा तीन अंगठे आले आणि लगेच खाली कोणीतरी उकडीच्या मोदकांची ऑर्डर विचारली.

आणि एक विचारू? स्थानिक लोकशाहीचे धडे घ्यायला लेखकमहाशयांना एवढा लांबचा प्रवास करायची गरज होती का? महाराष्ट्रातल्या बऱ्याच महापालिकांवर २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक बसले होते, एक नगरसेवक नाही. बाबा पाण्याच्या तक्रारीसाठी क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालत होते, या टेबलावरून त्या टेबलावर. त्यावर तुमच्या पुरवणीत अशी चार रंगीत पानं आलेली मला तरी आठवत नाहीत. आली असतील तर पाठवा, वाचतो.

लेखकमहाशय पुन्हा मुलीकडे आले की जरूर कळवा. बोर्डाची मीटिंग संध्याकाळी सातला असते, पार्किंग फुकट आहे, मी घ्यायला येईन. स्वेटर आणायला सांगा, एसी फार असतो.

कळावे,
एक वाचक, मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

ता.क. तुमचं ई-पेपरचं ॲप दर दोन दिवसांनी लॉगआउट होतं आणि ओटीपी फक्त भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून पुण्याला बाबांना झोपेतून उठवून ओटीपी विचारावा लागतो. वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेत तर निदान शनिवारचं शब्दकोडं तरी उघडू द्या.