वही वाचल्याबद्दल आभार

दादा,

माझं सारखं जाणारं नेट तुम्ही दुरुस्त केलंत, पण तुम्हाला रेटिंगचे तारे द्यायची सोय कुठल्याच ॲपवर नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. ज्यांच्यासाठी ती सोय आहे ते तारे आधी मागतात आणि कामाचं नंतर बघू म्हणतात.

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं घर जुनं, भिंती जाड. आतल्या खोलीत वायफाय धड पोचत नाही आणि माझ्या डेस्कटॉपला ते पकडताही येत नाही. म्हणून हॉलमधल्या राउटरपासून आतपर्यंत लॅनची वायर. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला सप्टेंबरात नेट नसणं म्हणजे काय, हे दिवाळी अंकात काम केलेल्यांनाच कळेल. जाहिराती उशिरा येतात, पानं हलतात, संपादक फोनवर फोन करतात, आणि इथे पडद्याच्या कोपऱ्यात तो पृथ्वीगोल फुली घेऊन बसलेला.

तुमच्याआधी कंपनीची माणसं येऊन गेली. सगळ्यांची तऱ्हा एकच. हॉलमध्ये उभं राहायचं, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड बघायचा, "मॅडम, लाइन ओके आहे, तुमचा पीसी जुना झालाय" म्हणायचं आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागायचा. आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. एकाने तर "साहेब कधी भेटतील?" असं विचारलं. आमच्या साहेबांना राउटर कुठला आणि टीव्हीचा डबा कुठला हे अजून नीट सांगता येत नाही, पण बोलायचं ते त्यांच्याशीच! संगणकाच्या दुकानदाराने मदरबोर्डवरचा पोर्ट गेला म्हणून नवीन लॅन कार्ड गळ्यात मारलं. नेट जायचं तसं जातच राहिलं.

तुम्ही आलात तेव्हा नेट चालू होतं. "आता तर चालतंय" एवढं ऐकायची मी तयारी ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "ताई, जातं कधी?"

मी वही आणली. नेट कधी गेलं, कधी आलं, पडद्यावर काय दिसलं, हे मी लिहून ठेवत होते. धंद्याची खोड आहे, चूक दिसली की टिपायची. ती वही याआधी प्रत्येकापुढे केली होती. कोणी हातात घेतली नव्हती. तुम्ही रुमालाला हात पुसलेत, स्टुलावर बसलात आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. मधूनच "पेन आहे का, खूण केली तर चालेल ना?" म्हणालात. माझ्याच वहीत खूण करायची परवानगी मागणारं माणूस मी संपादकांतही फारसं पाहिलेलं नाही.

खरं सांगते, माझ्या लेखी काम तिथेच झालं होतं. पुढे काही सापडलं नसतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

पण सापडलं. कोरड्या दिवशी चारच्या सुमारास जातं आणि दिवेलागणीला आपोआप येतं, पावसाच्या दिवशी मात्र सकाळपासूनच नसतं, हे मी लिहिलं होतं, पण त्यातून अर्थ तुम्ही काढलात. "चार वाजता घरात काय होतं?" उत्तर सासूबाईंनी दिलं. खोली पश्चिमेची, ऊन आत आलं की त्या सरकती खिडकी लावतात. पाऊस आला तरी लावतात. आणि वायर बसवणाऱ्या शहाण्यांनी भिंतीला भोक पाडायचा कंटाळा करून ती बाल्कनीतून त्याच खिडकीच्या पट्टीतून आत घेतली होती. खिडकी लागली की वायर चेपायची.

तुम्ही टेस्टर लावून सासूबाईंनाच खिडकी सरकवायला सांगितलंत. वायरीत आठ तारा, प्रत्येकीचा एक दिवा. उघडी असताना आठही दिवे ओळीने लागले. बंद केल्यावर चार आणि पाच गुल. "आजी, चोर सापडला," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसभर खूश होत्या. मग मला समजावलंत की १०० एमबीपीएसच्या स्पीडला आठांतल्या चारच तारा लागतात, १००० ला आठही लागतात. राउटर आणि संगणक ही दोन्ही टोकं आधी १००० चं ठरवतात आणि ऐन वेळी तारांची एक जोडी गायब असते. म्हणून कधी रखडत चालायचं, कधी उघडझाप व्हायची. माझ्या वहीतला तो १६९.२५४ ने सुरू होणारा, संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ताही तुम्ही ओळखलात. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक स्वतःच असा एक घेऊन बसतो. 'केबल जोडलेली नाही' हा संदेश तर पडदा मला कधीपासून दाखवत होता, आणि मी तो सगळ्यांना वाचून दाखवत होते.

नवी वायर, केसिंग पट्टी वगैरे तुम्ही केलंत ते झकासच झालं.

जांभळी नाक्यावर एक भाजीवाली आहे. "आजची मेथी नको घेऊ, उद्या ताजी येईल" असं ती स्वतः सांगते. टीएमटीत एकदा कंडक्टरने म्हाताऱ्या बाईचं बोलणं पूर्ण होईपर्यंत बस थांबवलेली मी पाहिली आहे. अशा माणसांना ग्राहक-समाधानाचं प्रशिक्षण कोणी दिलेलं नसतं. ज्यांना दिलेलं असतं ते गळ्यात ओळखपत्र घालून येतात आणि ओटीपी घेऊन जातात. असो, फार बोलले.

तुम्ही वायरचे आणि जॅकचे तेवढेच पैसे घेतलेत. "वेळ तर वही वाचण्यात गेला, त्याचे काय घ्यायचे?" म्हणालात. हे मला पटलेलं नाही. वाचण्याचेच पैसे असतात, दादा, माझं घर त्यावर चालतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा डेस्कटॉपही असाच रडतोय. त्यांना तुमचा नंबर दिला आहे आणि तपासणीचे पैसे वेगळे द्यायचे हेही बजावलं आहे. शनिवारी त्यांच्याकडे याल तेव्हा आधी वर या. माझी बाकी द्यायची आहे, आणि सासूबाईंना तो दिव्यांचा टेस्टर पुन्हा बघायचाय.