मोली या शोभेच्या माशाची पिल्ले का वाचत नाहीत?

महोदय,

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल काचेच्या भांड्यातली मोली वर येऊन तोंडाची उघडझाप करत गुदमरते. अशी भांडी विकणे थांबवायलाच हवे. किमान ४० लिटरची टाकी, एअर पंप आणि एका नरामागे तीन माद्या हव्यात. नर वाढले की पाठलागाने माद्या खंगतात. बोअरचे जड पाणी मोलीला मानवते.

मादी साधारण चार आठवड्यांनी अंडी नव्हे, थेट पिल्ले देते. पोट चौकोनी दिसू लागले की टाकीत दाट पाणवनस्पती सोडा, नाहीतर आईच पिल्ले गिळते. तिला जाळीच्या पेटीत फार आधी कोंडू नका. ताणाने ती अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते.

– एक मत्स्यपालक, सोलापूर