पाचट जाळण्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

५ डिसेंबरचा मृदादिन आला की ‘शेतकऱ्यांनी पाचट (तोडणीनंतर रानात उरलेला उसाचा वाळका पाला) जाळू नये’ असे लेख सालाबादप्रमाणे छापून येतात. त्यातले शास्त्र बरोबरच आहे. पण कृष्णाकाठचा शेतकरी खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घ्यायच्या पिकाला) काडी लावतो ती हिशेब घालून लावतो. तो हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

हेक्टरभर उसातून आठ ते दहा टन वाळलेले पाचट निघते. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे दहा टनांत ५० किलो. पेटवले की हे नत्र हवेत जाते, राखेत थोडाफार पालाश उरतो. आता तेवढे नत्र दुकानातून आणायचे तर युरियाची अडीच पोतीही लागत नाहीत. ४५ किलोचे पोते २६६ रुपयांना. साडेसहाशेच्या आत काम भागते. उलट पाचटाची कुट्टी (यंत्राने बारीक तुकडे) करायला ट्रॅक्टरवाला याच्या कितीतरी पट घेतो. शिवाय ते कुजावे म्हणून टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू घालायचे. पहिल्या वर्षी वहीत तोटाच दिसणार.

वहीत येत नाही तो सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून जमिनीला मिळणारा कार्बन. त्याच दहा टनांत तो तीन-चार टन असतो आणि कुठल्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळत नाही. कर्ब घटला की पाणी नीट मुरत नाही, घातलेले खत पिकाला पुरत नाही, नांगरटीला ढेकळे निघतात. मग उत्पादन टिकवायला आणखी एक पोते. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झाले, युरिया त्या धोरणाबाहेर राहिला आणि स्वस्तच राहिला. हात तिकडेच जाणार! नत्र-स्फुरद-पालाशाचे शिफारशीचे ४:२:१ प्रमाण भिंतीवरच्या तक्त्यातच छान दिसते. कर्ब वाढवणाऱ्या शेणखताचे म्हणाल तर दावणीला जनावरेच कमी झाली.

२०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली. बारा घटक तपासतात, त्यात कर्बही आहे. त्याच्यापुढे ‘कमी’ असे लिहिलेले असते. तो वाढवायचा खर्च कोणाचा, याला पत्रिकेत रकाना नाही.

पाचट राखणारेही आमच्या भागात आहेत. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचे, बगला (सरीच्या बाजूची माती) नांगराने न फोडता पहारीने भोके घेऊन खत द्यायचे. भांगलण (खुरपणी) वाचते, पाण्याची पाळी लांबते, म्हणजे पाणी कमी वेळा द्यावे लागते. ही पाळी लांबणे आमच्याकडे फार मोलाचे आहे, कारण शिरोळ, मिरज, वाळवा पट्ट्यातली काळी भारी राने जादा पाण्यानेच क्षारपड (क्षार साठून नापीक) झाली. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेऊन पाण्याच्या निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि अशी पडीक राने पुन्हा लागवडीखाली आणली. म्हणजे मनावर घेतले तर कारखाना जमिनीचे काम करू शकतो.

म्हणून मागणी कारखान्यांकडे आहे. तोडणीचा कार्यक्रम गटवार लागतो, तसाच पाचटकुट्टीचाही लावावा. उसाचा फड तोडून मोकळा झाला की आठवड्याच्या आत यंत्र रानात यावे, कारण पुढे खोडव्याला फुटवे निघाले की ते घालता येत नाही. तोडणी-वाहतूक आमच्या बिलातून कापताच. कुट्टीचा निम्मा खर्चही कापा, निम्मा कारखान्याने व शासनाने उचलावा. युरियावर सरकार एवढा पैसा ओतते, त्यातला थोडा इकडे वळवायला काय हरकत आहे? दुसरे असे की, ऊस तोडायला सोपा जावा म्हणून ‘फड पेटवून द्या, नाहीतर खुशाली (वरचे पैसे) वाढवा’ असे काही ठिकाणी तोडणी मजुरांची टोळीच सांगते, आणि जळीत उसाच्या दरातली कपात मात्र शेतकऱ्याच्या माथी बसते. टोळीच्या सांगण्यावरून फड पेटला असेल, तर ती कपात कारखान्याने टोळीच्या मुकादमाच्या हिशेबात धरावी.

गळीत हंगाम चालू आहे आणि बरेच फड अजून उभे आहेत. निदान खोडवा राखणार असलेल्या शेतकऱ्यांची यादी कारखान्याच्या गटकार्यालयाने आत्ताच करावी. ती नोंद चिटबॉयकडे (गावोगाव उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) तयारच असते.

कळावे,
एक ऊस उत्पादक
ता. वाळवा, जि. सांगली